खांब पाहावा मागून

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण ज्या कुणी केली, त्याच्या घरात समई असेल, कंदील असेल, फार तर लग्नाच्या वरातीला टेंभा असेल. वीज खात्रीनं नव्हती. असती तर त्यानं म्हणीला तिसरं शेपूट जोडलं असतं, 'आणि खांब पाहावा मागून!' लग्न मी करून पाहिलं आहे. (त्याविषयी इथे काही लिहीत नाही. हे पुस्तक आमच्या घरीही वाचलं जाणार आहे.) घर बांधून पाहिलं आहे. आणि खांबही मागून पाहिला आहे. तिन्हींत जास्त शिक्षण कशानं झालं म्हणाल, तर खांबानं.

मी यवतमाळला एका बँकेत लिपिक आहे. आमचं मूळ गाव बोरी अरब, तालुका दारव्हा. गावाचं नाव सांगितलं की पुण्यामुंबईकडचा माणूस हमखास विचारतो, "अरब? तिथे तेल निघतं की काय?" निघतं. सरकीचं. आमचा सगळा मुलूखच कापसाचा. तर या गावात आमचं जुनं घर होतं. त्याच्या भिंतींनी एकेक करून राजीनामा दिला, उरलेल्या जागेची भावाभावांत वाटणी झाली, आणि माझ्या वाट्याला गावठाणाच्या अगदी कडेचा एक तुकडा आला. त्यावर एक कडुनिंब होता आणि भरपूर हवा होती.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. यवतमाळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव रमत नाही. "इथं माणसं जिन्यात भेटतात, अंगणात नाही," अशी तिची तक्रार. म्हणून भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज उचललं आणि त्या तुकड्यावर दोन खोल्या, एक ओसरी असं घर बांधलं. वायरमननं आतलं फिटिंग चोख केलं. बटणं दाबली की टक् असा आवाज येई. फक्त आवाज येई. कारण विजेचा शेवटचा खांब हापशीजवळ, आणि हापशी आमच्या दारापासून एकशेऐंशी पावलांवर. हा आकडा आईचा. तिनं दोन वेळा जाऊन-येऊन मोजला होता. मी बँकेत असलो तरी हिशेबाला पक्की तीच.

मी चौकशी करतो आहे, हे कळताच एक खाजगी ठेकेदार मोटरसायकलवरून स्वतःच हजर झाले. त्यांनी घराकडे पाहिलं, हापशीकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे पाहिलं आणि अंदाज बांधला.

"दोन पोल लागतीन भाऊ. तीन गाळे तार, स्टे, इन्सुलेटर, अर्थिंग... सव्वा लाख धरून चाला."

"सव्वा लाख? आणि खांब कुणाचा?"

"तुमचाच ना जी! तुमच्या पैशाचा."

"म्हणजे मी त्याला दोरी बांधून धुणं वाळत घालू शकतो?"

"भलतंच काय बोलता बाप्पा! त्याले हात नाई लावाचा. तो त्यायचा असते."

पैसे माझे आणि खांब त्यांचा, हे गणित मला काही केल्या सुटेना. वास्तविक मी बी.कॉम. आहे. पण कॉस्टिंगच्या पेपरात मला छत्तीस गुण मिळाले होते आणि त्यातलाही एक गुण दयेचा असावा असा मला संशय आहे. मी ठेकेदारांना म्हटलं, "विचार करून सांगतो." ते म्हणाले, "करा. पण सिमेंटचे भाव वाढून राह्यले." माणसाला विचार करू द्यायचा नसेल, तर त्याला सिमेंटचे भाव सांगावेत.

आमच्या बँकेत कर्जखात्यात एक सहकारी आहेत. जगातल्या कुठल्याही विषयावरचं परिपत्रक त्यांच्याकडे असतं. त्यांना माझी कथा सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे कागदांचा एक गठ्ठा टाकला आणि म्हणाले, "वाच. तुझ्या खांबावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण होऊन गेलंय."

मी चार रात्री ते कागद वाचले. लग्नानंतर इतक्या एकाग्रतेनं मी काहीही वाचलेलं नाही.

तर मंडळी, गोष्ट अशी आहे. खांबाचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न खांबाइतकाच जुना आहे. इंग्रजांनी १९१० साली विजेचा कायदा केला, तेव्हाही तो होताच. त्या वेळी त्यांनी सोपा तोडगा काढला. मुख्य तारेपासून शंभर फुटांपर्यंत वीज कंपनीनं यावं. त्यापलीकडे जी तार लागेल आणि ग्राहकाच्या स्वतःच्या हद्दीत जी लागेल, तिचे पैसे ग्राहकानं द्यावेत. शंभर फूट म्हणजे आईची साधारण पन्नास पावलं. म्हणजे इंग्रजांच्या राज्यातही आम्ही हापशी आणि ओसरी यांच्यामध्ये कुठेतरी अंधारातच उभे राहिलो असतो.

पुढे राज्यात विद्युत मंडळ आलं आणि विजेबरोबर निरनिराळ्या वर्गण्याही आल्या. सर्व्हिस लाइन चार्जेस, आउटराइट कॉन्ट्रिब्युशन अशी त्यांची भारदस्त नावं. मग १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. वीजवाल्यांनी किती मागावं आणि आपण किती द्यावं, हे ठरवणारा हा पंच. २००३ साली देशाला नवा वीज कायदा मिळाला. त्यात कलम ४३ म्हणतं, मागेल त्याला वीज द्या. आणि कलम ४६ म्हणतं, ती देण्यासाठी झालेला वाजवी खर्च, आयोग परवानगी देईल तसा, ग्राहकाकडून घ्या.

सगळी मेख त्या 'वाजवी' शब्दात आहे. हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो नक्की केवढा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. भाजीवाली 'वाजवी लावते' म्हणते तेव्हा तो केवढा असतो, लग्नात 'वाजवी अपेक्षा' म्हणतात तेव्हा तो केवढा होतो, हे आपण जाणतोच. आमच्या ठेकेदारांचा वाजवी सव्वा लाखाचा होता. आयोगाचं काम म्हणजे या शब्दाला गजानं मोजणं.

त्यानं तो मोजला ८ सप्टेंबर २००६ च्या आदेशात. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण कंपनी झाली होती आणि तिनं नव्या जोडणीच्या आकारांचा तक्ता मंजुरीसाठी आयोगापुढे ठेवला होता. त्यात सर्व्हिस लाइन चार्जेसही होते. आयोगानं ते साफ नाकारले. खांब, तारा, रोहित्र हे सगळं जाळं उभारणं हे कंपनीचंच काम. त्या भांडवलाचा खर्च तिनं दारात उभ्या असलेल्या एकट्या नव्या ग्राहकाच्या डोक्यावर मारू नये. तो वार्षिक हिशेबात दाखवावा आणि सगळ्यांच्या वीजदरातून वसूल व्हावा. नव्या ग्राहकानं द्यायचं ते मुख्य तारेपासून त्याच्या घरापर्यंतच्या जोडणीचं. कंपनी या प्रश्नावर अपिलात गेली, तिथून सुप्रीम कोर्टात गेली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथेही तिचं अपील फेटाळलं गेलं. सप्टेंबर २००६ ते नोव्हेंबर २०१६! इतक्या वर्षांत शाळेत घातलेलं पोर मॅट्रिकच्या वर्गात जाऊन बसतं.

घरापर्यंतच्या जोडणीचे तरी किती घ्यायचे? इथे आयोगानं मला फारच आवडलेली युक्ती केली. प्रत्येकाच्या दारी जाऊन तार मोजायची नाही. भार किती, फेज एक की तीन, तार वरून की जमिनीखालून, एवढं पाहायचं आणि सरासरीनं ठरलेला एकच आकार लावायचा. लग्नाच्या पंगतीसारखं. आचारी पानामागे दर ठरवतो. त्यात चौदा जिलब्या रिचवणारे मामा असतात आणि 'मला चतुर्थी आहे' म्हणून नुसती बटाट्याची भाजी चिवडणारी आत्याही असते. दोघांचं पान एकाच दराचं. आत्यावर थोडा अन्याय होतो खरा. पण प्रत्येकाची जिलबी मोजायला माणूस बसवला, तर त्या माणसाचाच पगार जिलब्यांहून जास्त होईल.

बरं, प्रत्येकाचं जाळं सगळ्यांनीच भरायचं, तर उद्या एखादा शेठ जंगलात कारखाना टाकील आणि त्याच्या तारेचे पैसे माझ्या आईच्या बिलात येतील! याचाही बंदोबस्त केलेला आहे. जी लाइन एकट्या एका ग्राहकासाठीच ओढलेली आहे, तिला 'डेडिकेटेड' म्हणतात. तिचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. आणि एखाद्यासाठी जाळ्याची क्षमता वाढवावी लागली आणि त्या वाढीतला पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग त्याचा एकट्याचाच असला, तर त्याच्याकडून वाटा घेता येतो, असं २००५ च्या संहितेनं ठरवलं. २०२१ मध्ये तिच्या जागी नवी संहिता आली, मूळ विचार तोच राहिला.

हे सगळं वाचून प्रथम मला आनंद झाला आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. म्हणजे आमच्या दारातल्या दोन खांबांचे पैसे कोण देणार? गोंदियाची एखादी शिक्षिका देणार, कोल्हापूरचा एखादा पानवाला देणार, मुलुंडचा एखादा पेन्शनर देणार. (दादरचा सुटला. त्याला बेस्ट वीज देते.) या सज्जनांनी माझं काय घोडं मारलंय? मग मी घरातली जुनी बिलं काढली. त्यांत 'स्थिर आकार' असतो आणि 'वहन आकार' नावाची एक ओळ असते. ही ओळ मी आजवर 'लूट' या अर्थी वाचत आलो होतो. आता कळलं की गेली वीस वर्षं मीही लोकांच्या खांबांचे पैसे भरतोच आहे. कोल्हापूरच्या पानवाल्याचा खांब माझ्या पैशानं उभा असेल. फिटंफाट.

आणि याचं दुसरं टोक पाहा. पहिल्यानंच सगळे खांब स्वतःच्या पैशानं उभारायचे असा नियम असता, तर कुणी पहिलं व्हायलाच तयार झालं नसतं. आमच्या गावाबाहेर वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. 'तो घर बांधू दे, त्याच्या दारापर्यंत लाइन येऊ दे, मग पाहू.' आणि 'तो' आपल्याबद्दल तेच म्हणत असतो. पहिला पैसे भरतो आणि बाकीचे आकडा टाकून आशीर्वाद देतात. हा पेच काही आमच्याच गावाचा नाही. इंग्लंडमध्ये ऑफजेम नावाचा आयोग आहे. तिथेही नव्या वीजग्राहकाच्या माथी जुनं जाळं मजबूत करण्याचा खर्च मारत असत. एप्रिल २०२३ पासून त्यांनी तो ग्राहकावरून काढला आणि सगळ्यांत वाटून टाकला. म्हणजे १९१० साली ज्यांनी आम्हाला शंभर फूट शिकवले, त्यांच्या आयोगाच्या आधी सतरा वर्षं आमचा आयोग तिथे पोचला होता. ही गोष्ट मी बँकेत तिघांना सांगितली. तिघांनीही काउंटरवर गर्दी असल्याचं सांगितलं.

पण सगळ्यांत वाटायचं म्हटलं, तरी वाटणी कुठवर ताणायची? माझा एक चुलतभाऊ शेतकरी. त्यानं कृषिपंपासाठी पैसे भरले आणि तो 'पेड पेंडिंग' झाला. पैसे भरलेला, पण वीज न मिळालेला. बँकेच्या सगळ्या वाङ्मयात इतका करुण शब्द नाही. अशांसाठी २०१८ मध्ये उच्चदाब वितरण प्रणालीची योजना निघाली. सुमारे ५,०४८ कोटी रुपये आणि सव्वादोन लाखांच्या आसपास पंप. मी सवयीनं भागाकार केला. पंपामागे साधारण सव्वादोन लाख रुपये! एवढी रक्कम झाली की अंतर मोजावंच लागतं. २०२० च्या धोरणानं ते मोजलं. लाइनपासून सहाशे मीटरांच्या पलीकडच्या शेताला तार नाही, सौरपंप. आणि २०२४ मध्ये तर 'मागेल त्याला सौर कृषिपंप' आला. किमतीच्या दहा टक्के शेतकऱ्यानं भरायचे, अनुसूचित जातीजमातींच्या शेतकऱ्यानं पाच. तार महाग की सूर्य, असा हिशेब आमच्या आजोबांना सांगितला असता, तर त्यांनी मला रात्रीच्या गाडीनं वैद्याकडे नेलं असतं.

एवढी तयारी करून मी फेब्रुवारीत वीज कार्यालयात गेलो. साहेब तरुण होते. मी कलम ४३ म्हणताच त्यांनी खुर्ची दिली आणि ४६ म्हणताच चहा मागवला. मग शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. मार्ग तीन आहेत. पहिला म्हणजे नेहमीचा. तुम्ही तक्त्याप्रमाणे जोडणीचा आकार आणि अनामत भरा. खांब आम्ही टाकू. पण मुख्य लाइन वाढवायची आहे, म्हणजे अंदाजपत्रक, मंजुरी, सामान. त्याला नियमात तीन महिन्यांची मुदत आहे. दुसरा, डेडिकेटेड. लाइन तुमच्या एकट्याची, परवानाधारक ठेकेदाराकडून तुमच्या खर्चानं, आम्हाला देखरेखीचे फक्त १.३० टक्के. काम लवकर होईल. तिसरा २००८ साली निघाला होता. सामाईक लाइन, पैसे आधी ग्राहकानं घालायचे आणि ते पुढच्या बिलांतून वळते करून घ्यायचे."

तिसरा मार्ग ऐकून माझ्यातला लिपिक जागा झाला. बोरीच्या घराचं बिल महिना चारशे धरलं आणि ते सगळंच्या सगळं वळतं झालं, तरी सव्वा लाख फिटायला सव्वीस वर्षं. घरी येऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी एकशे चार वर्षांची होईन. मग कशाला हवाय उजेड? मला दिसायला तर हवं!"

माझं मन दुसऱ्या मार्गाकडे झुकत होतं. कारण कॅलेंडर. फेब्रुवारीत अर्ज, तीन महिने म्हणजे मे. विदर्भातला मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही. पारा चव्वेचाळीसवर, आणि आईनं पंख्याशिवाय राहायचं? 'उन्हाळाभर यवतमाळलाच राहा' म्हटलं, तर ती बोचकं बांधून बोरीला जाऊन बसलेली. सव्वा लाख कुठून तरी उभे करू. सोसायटीचं कर्ज आहे, बायकोच्या बांगड्या आहेत. (हे वाक्य मी फक्त मनात म्हटलं होतं.)

मी आईला डेडिकेटेडची कल्पना समजावून सांगितली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पलीकडच्या काकूंना त्यावरून मिळेल का रे?"

आमच्या घरापलीकडे चाळीस पावलांवर एक टिनाची खोली आहे. तिथे एक एकट्या काकू राहतात. त्यांचा मुलगा पुण्याला कामाला. २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली, गरिबाला जोडणी फुकट आणि इतरांना पाचशे रुपये, तेही महिना पन्नासच्या दहा हप्त्यांनी, तेव्हा काकू मुलाकडे पुण्याला होत्या. त्या परत आल्या तोवर योजना आवरली होती. मुलाचा फोन यावा म्हणून त्या रोज किराणा दुकानात मोबाइल चार्जिंगला लावतात. दुकानदार पाच रुपये घेतो. पाच रुपये, आणि दीड तास दुकानाच्या पायरीवर बसणं.

"नाही," मी म्हटलं. "डेडिकेटेड म्हणजे फक्त आपल्यासाठी. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही."

"म्हणजे सोवळ्यातला खांब," आई म्हणाली. "नको मला. अख्ख्या महाराष्ट्राच्या पैशाचा येऊ दे. मी काढीन तीन महिने."

आयोगाला जे समजावून सांगायला पानंच्या पानं लागली आणि ज्याच्यावर सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला, ते आईनं कडुनिंबाखाली बसून एका वाक्यात निकालात काढलं. मी पहिल्या मार्गाचे पैसे भरून आलो. अनामत भरताना कळलं की तिच्यावर व्याज मिळतं. बँकेच्या माणसाला तेवढंच समाधान.

ते तीन महिने मात्र मी विसरणार नाही. मार्च सरला. एप्रिलात आई ओल्या चादरीवर निजू लागली. मी दर शनिवारी संध्याकाळी बोरीला जाई आणि तिला ताडाच्या पंख्यानं वारा घाली, आणि थोड्या वेळानं तीच पंखा माझ्या हातातून घेऊन मला वारा घाली. ठेकेदार दोनदा येऊन "म्हटलं होतं ना भाऊ" म्हणून गेले. एका रात्री आईला घेरी आली तेव्हा मी कलम ४३, कलम ४६, आयोग आणि तत्त्व सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तक्त्यात सगळ्याचा दर असतो. वाट पाहण्याचा रकाना त्यात नसतो. तो ज्याचा त्यालाच भरावा लागतो. सकाळी आई उठून बसली आणि म्हणाली, "खांब नाही आला अजून? मग मी कशी जाते?"

एप्रिलच्या अखेरीस ट्रॅक्टरवरून खांब आले. चार दिवस ते आडवे पडून होते, तेव्हा त्यांच्यावर गावातली पोरं बसली, म्हातारे बसले, एक दिवस मीही बसलो. मग ते उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मुदतीच्या आत, टक् या आवाजामागून उजेड आला. काकूंचाही अर्ज आईनं माझ्याकडून भरून घेतला होता. त्यांची खोली आता खांबापासून अगदी जवळ. जोडणीचे पैसे आईनं भरले आणि काकूंनी ते महिना पन्नास रुपयांच्या हप्त्यानं फेडायचे ठरवलं. सरकारची सौभाग्य योजना संपली, पण आमच्या आईनं ती खाजगीत चालू ठेवली आहे.

बिल आलं की मी अजूनही ओरडतो. तो मध्यमवर्गीयाचा हक्क आहे आणि त्यावर अजून कुठलाही आकार नाही. फक्त 'वहन आकार' या ओळीशी आलो की आवाज थोडा खाली येतो. न जाणो, कुठल्या तरी गावाच्या कडेला कुणी आई ओल्या चादरीवर निजलेली असेल.

परवा बोरीला गेलो, तर काकूंनी आपली बकरी नव्या खांबाला बांधलेली! मी धावतच गेलो.

"काकू, खांबाला जनावर बांधू नये. करंट लागेल!"

"काऊन जी?" काकू म्हणाल्या. "तुमची माय तर म्हने, हा खांब सगळ्यायचा हाय!"

यावर आयोगाचा कुठलाही आदेश मला आठवेना. शेवटी मीच बकरी सोडली आणि आणून आमच्या ओसरीच्या खांबाला बांधली. तो मात्र सर्वस्वी आमच्या खर्चाचा. अगदी डेडिकेटेड.